पाच वह्या आणि एक ओसरी

मालवण,
अक्षय्य तृतीया

प्रिय विद्यार्थ्यास अनेक आशीर्वाद.

ब्लॉकचेन, म्हणजे एकच हिशोब अनेकांच्या वह्यांत साखळीसारखा जोडत ठेवायची विद्या, गावात शिकवायच्या कार्यशाळेचा तुझा आराखडा दोनदा वाचला. कुडाळला हॉल, तीनशे खुर्च्या, पुण्याहून दोन वक्ते, दुपारचं जेवण, शेवटी प्रमाणपत्रं. मेहनत दिसते. नोकरी सोडून गावी येऊन तुला हे करावंसं वाटतंय, याचा मला फार आनंद झाला. तरी हॉल रद्द कर. आगाऊ रक्कम दिली असशील तर ती गेली असं समज. तीनशे माणसं येतील, जेवतील, फोटो काढतील आणि पांगतील. तुला बारा माणसं हवी आहेत, महिन्याभराने पुन्हा येणारी. बारा माणसं ओसरीवर मावतात.

हे मी ठेच लागल्यावर शिकले. पहिल्या वर्षी मीही मोठा कार्यक्रम घेतला होता. खर्च एका कंपनीने उचलला आणि शेवटची पंधरा मिनिटं मागितली. मी दिली. त्यांच्या माणसाने तेवढ्या वेळात याच विद्येवर चालणारं कंपनीचं स्वतःचं डिजिटल नाणं विकलं. नऊ जणांनी पैसे भरले. त्यांत एक मावशी होत्या, काजूच्या बियांचे आलेले पैसे घेऊन. चार महिन्यांत ते नाणं मातीमोल झालं. मावशींनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि म्हणूनच ते मला अजून सलतं. त्यांनी पैसे कंपनीकडे बघून भरले नव्हते. बाईंनी बोलावलंय, म्हणून भरले होते.

तेव्हापासून माझ्याकडे एक गोष्ट पक्की आहे. कार्यशाळेत कुणी काही विकायचं नाही, आणि शिकवणाऱ्याने कुठल्याही नाण्याचं नाव सुचवायचं नाही. पहिला प्रश्न तोच येणार आहे, "पैशे किती भरूचे?" सांग, एक रुपयाही नाही. मग कायदा सरळ शब्दांत सांगून टाक. रिझर्व्ह बँकेने २०१८ साली बँकांना अशा डिजिटल नाण्यांच्या व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं होतं. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. २०२२ च्या अर्थसंकल्पापासून अशा नाण्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, एकातला तोटा दुसऱ्यातून वजा होत नाही, आणि हे आपलं अधिकृत चलन नव्हे. पाच मिनिटांत हे आटप आणि वह्या काढ.

वह्यांचा खेळ नीट लिहिते, कारण सगळं त्यावर उभं आहे. पाच शंभरपानी वह्या पाच जणांच्या हातात द्यायच्या. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, हिशोब घ्यायचा, कारण दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो हे किनाऱ्यावर कुणाला शिकवावं लागत नाही. एकाने मोठ्याने सांगायचं, "बांगडे १४ किलो, सुरमई २२ किलो," आणि पाचही जणांनी लिहायचं. पानाच्या तळाशी त्या पानावरचे सगळे आकडे आणि मागच्या पानाचा आकडा यांची बेरीज. ती बेरीज पुढच्या पानाच्या डोक्यावर लिहून मगच पुढची नोंद. चार-पाच पानं भरली की एकाला वही घेऊन मागील दारी पाठवायचं आणि जुन्या पानावर काहीतरी गुपचूप बदलायला सांगायचं. तो परत आला की बाकीचे बेरजा लावतात, आणि चोरी कुठल्या पानावर झाली ते दोन मिनिटांत सापडतं. ब्लॉकचेनमधली साखळी म्हणजे काय, हे सांगायची गरजच उरत नाही.

एकदा तारकर्लीच्या एका बाईने हा खेळ माझ्यावर उलटवला. तिने बांगडे २४ केले आणि सुरमई १२. बेरीज ३६ ची ३६. वही बिनचूक जुळली आणि दहा किलो सुरमई नाहीशी झाली! सुरमईचा भाव आणि बांगड्याचा भाव यांतला फरक तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होता, त्यामुळे ओसरीवर एकच गलका झाला. त्या गलक्यात मी फोनवर त्या नोंदीचा डिजिटल ठसा (हॅश) काढून दाखवला. शा-२५६ नावाच्या त्या रीतीत एक ओळ घाला नाहीतर अख्खं दप्तर घाला, बाहेर ६४ अक्षरांचा ठसा येतो, आणि एक आकडा इकडचा तिकडे केला तर अख्खा ठसा बदलतो. बेरीज का पुरत नाही हे त्या बाईने आधीच सिद्ध केलं होतं. तू हा दोष मुद्दाम तसाच ठेव. कुणीतरी तो शोधेलच. त्या माणसाचा फोन नंबर घेऊन ठेव, तुझा पुढचा शिक्षक तोच.

मग कुणी विचारेल, पाचांपैकी तिघांनी संगनमत केलं तर? त्याला बिटकॉइन या डिजिटल नाण्याचं उदाहरण दे. ३ जानेवारी २००९ पासून चाललेल्या बिटकॉइनच्या वहीत साधारण दर दहा मिनिटांनी एक पान जोडलं जातं, आणि पान लिहायचा मान मिळवायला संगणकांना भरमसाट वीज जाळावी लागते. जुनं पान बदलायचं तर ते आणि त्यापुढचं प्रत्येक पान पुन्हा तेवढ्याच कष्टाने लिहावं लागेल. इथेरियम नावाच्या दुसऱ्या साखळीने सप्टेंबर २०२२ मध्ये ही वीजखाऊ पद्धत सोडली. तिथे वही लिहिणाऱ्याला अनामत ठेवावी लागते आणि लबाडी पकडली गेली की ती कापली जाते. ‘अनामत जप्त’ हे दोन शब्द आपल्याकडे निवडणुकीमुळे लहान मुलालाही कळतात, ते वापर.

पण सगळ्यांत मोलाचा प्रश्न मला देवगडच्या एका बागायतदार काकांनी विचारला. "पण सुरवातीकच कोणी खोटा लिवल्यान तर?" याचं उत्तर देताना आवाज जराही चाचरू देऊ नकोस. खोटं लिहिलं तर खोटंच कायम राहील. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पाच जिल्ह्यांसाठी. तरी कर्नाटकचा आंबा आपल्या नावाने विकला जातोच. पेटीवर क्यूआर कोड लावला आणि त्यामागे साखळीवरची नोंद ठेवली, तर नोंद कधी आणि कुणी केली हे समजेल. पेटीत खरंच देवगडचा आंबा आहे का, हे साखळीला दिसत नाही. ते बागेत उभ्या असलेल्या माणसालाच दिसतं. मी हे कबूल केलं आणि काका त्यानंतरच्या प्रत्येक बैठकीला आले.

म्हणून आंब्यापासून सुरुवात करू नकोस, मोह झाला तरी. जिथे माल आणि नोंद वेगळे नसतात, नोंद हीच मूळ वस्तू असते, तिथे ही विद्या खरी उपयोगी पडते. गडचिरोलीतल्या एटापल्लीत २०२२ साली जातीचे दाखले पॉलिगॉन नावाच्या साखळीवर नोंदवले गेले, ते याच विचाराने. तुझ्यासाठी सोपी जागा म्हणजे बचत गटाची इतिवृत्ताची वही. आमच्याकडे एक गट दर महिन्याला सभेच्या पानाचा फोटो काढतो आणि ओपनटाइमस्टॅम्प्स या मोफत साधनातून त्याच्या ठशावर तारखेची मोहोर उमटवून घेतो. हजारो ठसे एकत्र बांधून बिटकॉइनच्या एकाच व्यवहारात बसवले जातात, म्हणून गटाला खर्च येत नाही. पक्की मोहोर यायला काही तास लागतात, तेवढं आधी सांग, नाहीतर बायकांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. फोटो आणि त्याची पुरावा-फाइल दोन्ही जपायच्या. फोटो गटाकडेच राहतो, बाहेर जातो तो फक्त ठसा. नावं, कर्जाचे आकडे, आधार क्रमांक साखळीवर कधीही टाकू नकोस. तिथून काही पुसता येत नाही.

डिजिटल नाणी ठेवायचं पाकीट शिकवायचं ते चौथ्या-पाचव्या बैठकीत, तेही इथेरियमच्या सेपोलिया या सरावाच्या जाळ्यावर, जिथली नाणी फुकट मिळतात. पाकिटाची किल्ली असलेले बारा गुप्त शब्द कागदावर उतरवायला लाव. एका पोराने त्या कागदाचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. सरावाचं पाकीट होतं म्हणून निभावलं.

आता वेळेचं. तू मे महिना धरला आहेस. मे महिन्यात बागायतदार वाशीच्या दलालांची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, तपासत असतो, त्याच्याकडे तुला द्यायला वेळ नाही. १ जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी लागते, होड्या वर ओढलेल्या असतात, माणसं जाळी विणत बसतात. ते दिवस तुझे. पण मृग बरसला की भातलावणी येते, तेव्हा बायकांची बैठक मुळीच ठेवू नकोस. मग गणपती, मग थेट दिवाळीनंतर. पावसात वीज आणि रेंज दोन्ही जातात, म्हणून वह्यांचा खेळ विजेशिवाय होतो याचा मला फार आधार वाटतो.

तिसऱ्या बैठकीला खडू दुसऱ्याच्या हातात दे. तो चुकेल. तू मधे बोलू नकोस, मागे बसून राहा. मला हे जमायला दोन वर्षं लागली, आणि ज्या दिवशी जमलं त्या दिवशी त्या तारकर्लीच्या बाईने माझ्यापेक्षा चांगलं शिकवलं, कारण तिच्यासमोर प्रश्न विचारायला कुणाला लाज वाटली नाही.

जूनच्या पहिल्या रविवारी ये. शाळेच्या व्हरांड्यासाठी मुख्याध्यापकांशी बोलून ठेवते. पाच वह्या मी घेऊन ठेवीन, तू निळ्या शाईची पेनं आण, पेन्सिली नकोत. आणि त्या काजूवाल्या मावशींना निरोप देणार आहे. त्या आल्या तर पहिली वही त्यांच्या हातात द्यायची आहे.

तुझी,
बाई