दोन छटांमध्ये अडकलेला निर्णय

"साधा भिंतीचा रंग ठरवता येत नाही, म्हणजे माझ्या मनाचं काही बिघडलंय का?" असे घर रंगवायला काढलेल्या, चाळिशीतल्या एका बाईंनी मला विचारले (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). उत्तरेकडे खिडकी असलेल्या झोपण्याच्या खोलीसाठी त्यांनी मलईसारखा पांढरा आणि फिकट राखाडी हिरवा अशा दोन छटा निवडल्या होत्या. रंगारी प्रायमर मारून खोळंबला होता आणि बाई रात्री अंथरुणातही मोबाइलवर फोटो ताडून पाहत होत्या.

त्यांची तुलना करण्याची रीतच त्यांना दमवत होती. उत्तरेच्या खिडकीतून बहुतांशी थेट ऊन येत नाही आणि तो प्रकाश किंचित निळसर असतो, त्यामुळे राखाडी छटा तिथे अधिक थंड दिसते. तीच रात्री 2700 केल्विनच्या (केल्विन हे दिव्याच्या प्रकाशाची छटा सांगणारे माप) पिवळ्या दिव्याखाली उबदार वाटते. शिवाय शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांचे रूप बदलतात, हे मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1839 मध्येच सविस्तर मांडले होते. म्हणून शेडकार्डाचा बोटभर तुकडा बाजूला ठेवून, दोन मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारून, ते आळीपाळीने त्याच भिंतीवर सकाळी आणि दिवे लागल्यावर पाहायला मी सांगितले.

तरीही खरी अडचण रंगात नव्हती. पती म्हणाले होते, "तुला हवा तो घे." हे स्वातंत्र्य वाटते, पण यात जबाबदारी एकीकडे जाते आणि पुढे नावे ठेवण्याचा हक्क दुसऱ्याकडे राहतो. दिवाणखान्याच्या पडद्यांबाबत हे घडलेही होते. पुढच्या भेटीला मी दोघांना बोलावले आणि पतींना एक छटा निवडून कारण सांगायला लावले. त्यांनी पांढरी सांगितली; बाईंनी लगेच, ठामपणे हिरव्या छटेची बाजू घेतली, आणि तीच ठरली.

राहिला मूळ प्रश्न. निर्णय न घेता येणे हे नैराश्याचे एक लक्षण असू शकते, परंतु त्यासोबत किमान दोन आठवडे दिवसाचा बराच वेळ उदासी किंवा कशातच रस न वाटणे, शिवाय झोप, भूक, थकवा यांच्या तक्रारी असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. या बाईंचे कामाचे आणि पैशांचे निर्णय नेहमीसारखेच चालू होते, म्हणून मी कोणतीही चाचणी सुचवली नाही.