जलसंजीवनीत साखर कशासाठी?

प्रश्न : पाणी परासरणाने पेशीत आपोआप शिरते, त्यासाठी ऊर्जा खर्च होत नाही, असे अकरावीत शिकवले. मग जुलाब झालेल्या माणसाला नुसते पाणी न देता साखर-मिठाचे पाणी का देतात? घरी विचारले, तर साखरेने अंगात ताकद येते, असे उत्तर मिळाले. (एक विद्यार्थिनी, कराड)

उत्तर : ताकदीचा मुद्दा आधी निकालात काढू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ सालच्या सुधारित सूत्राप्रमाणे एक लिटर जलसंजीवनीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. त्यातून मिळणारी ऊर्जा जेमतेम ५० किलोकॅलरी, म्हणजे एका पोळीपेक्षाही कमी. ग्लुकोज घालतात ते मिठातल्या सोडियमला आतड्याच्या पेशीत प्रवेश मिळावा म्हणून.

तुम्हाला शिकवलेले विधान बरोबरच आहे. मात्र पाणी आपोआप जात असले, तरी कोणीकडे जायचे हे विरघळलेले कण ठरवतात आणि ज्या बाजूला ते अधिक, तिकडे पाणी ओढले जाते. आतड्याच्या पोकळीतले पाणी रक्ताकडे वळवायचे, तर आधी सोडियम तिकडे न्यावे लागते आणि अडचण नेमकी तिथे येते, कारण पेशीपटल म्हणजे मेदरेणूंचा दुहेरी थर असून विद्युतभार असलेल्या सोडियम आयनाला त्यातून वाट मिळत नाही. त्यासाठी पटलात खास प्रथिने बसवलेली असतात. लहान आतड्याच्या पेशीच्या पोकळीकडील बाजूवर असेच एक वाहक प्रथिन असते. दोन सोडियम आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू त्यात बसले की ते आपला आकार बदलून तिघांना एकदम आत सोडते. ही जोडवाहतुकीची कल्पना रॉबर्ट क्रेन या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाने १९६० साली प्राग येथील परिसंवादात मांडली.

या वाहकाला स्वतःला एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, लागत नाही. पण म्हणून सगळे फुकटात होते असे समजू नये. पेशीच्या रक्ताकडील बाजूवर सोडियम-पोटॅशियम पंप असतो. तो एटीपीचा एक रेणू खर्चून तीन सोडियम आयन बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आयन आत घेतो, त्यामुळे पेशीतले सोडियम सतत कमी राहते आणि पोकळीतल्या सोडियमला आत शिरण्याची ओढ टिकून राहते. गच्चीवरच्या टाकीत मोटारीने पाणी चढवून ठेवले, की घरातला नळ सोडताना वीज लागत नाही, तसा हा प्रकार आहे. या पंपाचा शोध डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंवर काम करताना लावला. त्याबद्दलचे नोबेल पारितोषिक मिळायला मात्र १९९७ साल उजाडले.

आता पटकीचा विचार करू. पटकीच्या जंतूंचे विष आतड्याच्या पेशीतून क्लोराइड बाहेर सोडणारे मार्ग उघडे ठेवते. क्लोराइडमागून सोडियम आणि त्यामागून पाणी जाते. तीव्र आजारात तासाला लिटरभर पाणीसुद्धा शरीराबाहेर पडू शकते. परंतु हे विष पेशी मारत नाही आणि ग्लुकोजसह सोडियम आत घेणारे वाहक प्रथिन शाबूत राहते. जलसंजीवनीची सारी भिस्त या एका उघड्या दारावर आहे. बांगलादेश युद्धाच्या काळात, १९७१ मध्ये, पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे द्रावण ड्रममध्ये भरून नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. माझ्या मते पेशीविज्ञानाच्या पहिल्याच धड्यात हे उदाहरण द्यायला हवे.

प्रश्न : साखर इतकी उपयोगी असेल, तर ती दुप्पट घातल्याने गुण लवकर येईल का? मुलांना बाटलीतले शीतपेय दिले तर चालेल का? (एक पालक, नांदेड)

उत्तर : दोन्ही टाळावे. वाहक प्रथिनांची संख्या मर्यादित असते; त्यांना न झेपलेली साखर पोकळीतच राहते आणि उलट रक्ताकडचे पाणी आतड्यात ओढून जुलाब वाढवते. शीतपेयात साखर फार आणि सोडियम नगण्य असते. जुन्या जलसंजीवनीतील विरघळलेल्या कणांचे प्रमाण लिटरला ३११ मिलिऑस्मोल होते, ते नव्या सूत्रात २४५ वर आणले, त्यामागेही हाच विचार होता. पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा. मूल सुस्त दिसत असेल किंवा पाणी पोटात ठरत नसेल, तर मात्र घरगुती उपायांवर विसंबू नये.

प्रश्न : कोकणात आजाऱ्याला तांदळाची पेज देतात. तिच्यात साखर नसते, तरी ती कशी मानवते? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : पेजेतील स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. अख्खी साखळी एकाच कणाइतकी मोजली जाते, त्यामुळे ती पाणी फारसे ओढत नाही. पाचकरस तिचे तुकडे करत जातात आणि आतड्याच्या पृष्ठभागावर सुटे होणारे ग्लुकोज वाहक प्रथिने तिथल्या तिथे उचलतात. तांदळाच्या पिठापासून केलेली जलसंजीवनी पटकीच्या रुग्णांमध्ये उपयोगी ठरली आहे. पेजेत मीठ मात्र घालायलाच हवे, कारण सोडियमच नसेल तर हे वाहक ग्लुकोजही आत घेऊ शकत नाही.