'सरकारजमा' नव्हे, आणि कलमाविषयी थोडं जास्त

राजापूरच्या एका वाचकांनी विचारलंय, रस्त्याच्या रुंदीकरणात गेलेली जमीन 'सरकारजमा झाली' म्हणावं की 'संपादित झाली'?

संपादित. मुंबईकर चाकरमान्यांपासून गावच्या पुढाऱ्यांपर्यंत जो तो 'सरकारजमा' ठोकून देतो आणि माझं डोकं उठतं. सरकारने ज्या अटींवर जमीन दिली त्या मोडल्यात किंवा मागे वारसच उरला नाही, तर जमीन सरकारजमा होते. तिथे मोबदल्याचा प्रश्न येत नाही. संपादनात सरकारला सार्वजनिक प्रयोजन दाखवावं लागतं, हरकती ऐकाव्या लागतात, पैसे मोजावे लागतात. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून गेला खरा, पण अनुच्छेद ३००अ आहेच: कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. आपल्याच तोंडाने 'सरकारजमा' म्हणणारा हरकत नोंदवायला कशाला जाईल?

(घटनेत अनुच्छेद असतो, कायद्यात कलम. 'घटनेचं कलम' लिहिणाऱ्यांशी पुन्हा केव्हातरी भांडेन.)

आता कलम! २०१३च्या भूसंपादन कायद्याचं कलम २९ झाडांच्या मूल्यांकनाचं. म्हणजे आमच्या कोकणात कलमाखाली कलमांची किंमत ठरते, आणि शब्द दोन्हीकडे एकच. अरबी 'कलम' म्हणजे बोरू. तो तिरका छाटला की लेखणी. हापूसची काडी तिरकी छाटून रायवळच्या, म्हणजे कोयीतून उगवलेल्या साध्या आंब्याच्या, रोपावर बांधली की कलम. लेखणीवरून कायद्याचं कलम आलं. 'शिर कलम केलं' यातही तेच छाटणं. माझ्या मते मराठीत या शब्दाचा जीव लिहिण्यात नसून छाटण्यात आहे, आणि भूसंपादनाची नोटीस हाती पडलेल्याला हे पटवून द्यावं लागत नाही.

यावर संस्कृताभिमानी ठरल्याप्रमाणे उठतात: 'कलम' आमचाच! संस्कृतात आहे ना, पण ती मुळात भाताची एक जात. लेखणी हा अर्थ उशिराचा, परका. भाताच्या काडीने कोणी दस्तऐवज लिहिला असेल तर दाखवा. अरबांनीही तो ग्रीक 'कालामोस'वरून उचलला, तेव्हा अभिमान कुणीच धरू नये.

राजापूरकरांनी एक मात्र करावं. पंचनाम्यात नुसतं 'आंबा' लिहिलं असेल तर सही करण्याआधी 'कलम' की 'रायवळ' ते झाडागणिक लिहून घ्यावं. दोघांचा भाव एक नसतो.