‘डेस्पॉट’ स्टीफन जुलमी होता का?

प्रश्न असा आहे : सर्बियाच्या इतिहासात ‘डेस्पॉट स्टीफन लाझारेविच’ असा उल्लेख येतो. हा राजा जुलमी होता का, आणि मराठीत त्याला ‘हुकूमशहा’ म्हणावं का?

दोन्हींचं उत्तर नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ धनी, मालक. बायझंटाइन (पूर्व रोमन) दरबारात सम्राटाला असं संबोधत, आणि ग्रीक चर्चमध्ये बिशपला आजही ‘देस्पोता’ म्हणतात. जुलमाचा डाग त्याला पुढे लागला. तो पक्का केला अठराव्या शतकातल्या फ्रेंच लिखाणाने.

वेगळा किताब म्हणून तो आला ११६३ मध्ये. सम्राट मॅन्युएल कोम्नेनोसला मुलगा नव्हता. त्याने हंगेरीचा राजपुत्र बेला याला कॉन्स्टँटिनोपलला (आजच्या इस्तंबूलला) आणवलं, मुलीशी लग्न ठरवलं, वारस नेमलं आणि डेस्पॉट केलं. ११६९ मध्ये सम्राटाला मुलगा झाला. लग्न मोडलं, आणि बेला डेस्पॉटचा कैसर झाला, म्हणजे खालच्या किताबावर आला. (पुढे ११७२ मध्ये त्याला हंगेरीचं राज्य मिळालं, म्हणजे फार वाईट झालं नाही.)

कैसर होणं ही पदावनती कशी? एके काळी कैसर सम्राटाच्या खालोखाल असे. पण १०८१ मध्ये गादी मिळवताना अलेक्सियोस कोम्नेनोसने मेलिसेनोस या प्रतिस्पर्धी मेहुण्याला कैसरपद कबूल केलं होतं. मग सख्ख्या थोरल्या भावाला, इसाकियोसला, मेहुण्याच्या खाली कसं बसवणार? त्याने ‘सेबास्तोस’ (पूज्य) आणि ‘आवतोक्रातोर’ (सम्राट) जोडून ‘सेबास्तोक्रातोर’ असा नवाच किताब घडवला आणि कैसरच्या वर ठेवला. मॅन्युएलचा डेस्पॉट त्याच्याही वर गेला. बढत्या देण्याची ही तऱ्हा मला तरी भारी वाटते.

लाझारेविच १४०२ मध्ये अंकाराच्या लढाईत ऑटोमन सुलतानाच्या बाजूने तैमूरशी लढला. परतताना कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्याला डेस्पॉटचा मान मिळाला. त्याने मनासिया मठ बांधला, १४१२ मध्ये खाणींचा कायदा केला, कविताही लिहिली.

किताब व्यक्तीला मिळे, प्रदेशाला नव्हे. ग्रीसच्या वायव्येकडच्या राज्याला ‘एपिरसचं डेस्पॉट-राज्य’ म्हणतात खरं, पण त्याचा संस्थापक मायकेल स्वतः कधी डेस्पॉट नव्हताच.

मराठीत ‘डेस्पॉट’ तसाच ठेवावा, पहिल्यांदा येईल तिथे ‘सम्राटाने दिलेला सर्वोच्च किताब’ एवढं सांगावं. नागपूरकर भोसल्यांच्या ‘सेनासाहेबसुभा’चं भाषांतर आपण तरी कुठे करतो?