ख्रिस्ती श्रद्धेने आयुष्यात कायमचं स्थैर्य येतं, की ती नुसती मनाची समजूत?

तुम्ही लिहिलंय की घर वसईकडचं, नोकरी लोट्याच्या एमआयडीसीत, तीही कंत्राटावर. चिपळूणला भाड्याने घेतलेली खोली जुलै 2021 च्या पुरात सामानासकट गेली, त्यानंतर ठरलेलं लग्न मोडलं. लहानपणी आईबरोबर म्हटलेली रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, आता आठवणीपुरती उरली आहे. 'चर्चमध्ये सांगतात की प्रभूमध्ये स्थैर्य आहे. ते खरंच मिळतं का? आणि नोकरी सोडून गावी परत यावं का?' असे तुमचे दोन प्रश्न.

मी कोळीवाड्यातली बाई. माहेर-सासर दोन्हीकडे बोटी, आणि रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर, मुलांना धर्मशिक्षण शिकवते. तेव्हा हे धर्मपंडिताचं उत्तर समजू नका.

स्थैर्य मिळतं. मात्र नोकरी पक्की होईल, खोलीत पाणी शिरणार नाही, ठरलेलं मोडणार नाही अशी हमी जर तुम्ही त्यात धरली असेल, तर ती येशूने कोणालाच दिलेली नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातला खडकावरच्या आणि वाळूवरच्या घराचा दाखला तुम्ही धर्मशिक्षणात शिकला असालच. पुन्हा एकदा नीट वाचा. पाऊस, पूर आणि वारा दोन्ही घरांना लागतो, शहाण्याच्या घराला त्यातून सूट नाही. खडकावर बांधणारा म्हणजे प्रभूचं वचन ऐकून त्याप्रमाणे वागणारा. वाळूवाला ऐकतोही, पण करत नाही. एवढाच फरक सांगितलाय. चिपळूणचा पूर डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला हा दाखला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

आमच्या धंद्यात तर स्थैर्य शब्दाचंच हसू येतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. दोन महिने घरात पैसा नाही, पण खलाशांची उचल, जाळ्यांची दुरुस्ती, बँकेचा हप्ता चालूच. बंदी उठली की ऑगस्टात दर्या खवळलेला. मग ऑक्टोबरात एखादं वादळ येतं आणि बोटी बंदरात उभ्या राहतात. 2019 मध्ये क्यार आणि महा पाठोपाठ आली, 2020 च्या जूनमध्ये निसर्गने रायगड झोडपला, मे 2021 मध्ये तौक्ते. तौक्तेच्या वेळी आमची बोट वर ओढून ठेवलेली होती तरी तिची एक बाजू फुटली. तिच्या दुरुस्तीचं कर्ज अजून फिटतंय. श्रद्धा होती म्हणून बोट वाचली, असं मी तुम्हाला सांगणार नाही. नाही वाचली.

तरीही मी पाहिलेली सगळ्यात स्थिर माणसं याच कोळीवाड्यातली आहेत. माझ्या सासूबाई बोंबील वाळवायला वलांडीवर घालून घरी यायच्या, हात धुवायच्या, आणि दिवेलागणीला रोझरीला बसायच्या. हात कितीही धुतले तरी मण्यांना खवले चिकटायचेच, ते नखाने खरवडत पुढचं 'नमो मरिये' चालू. जाळं भरून आलेलं असो की रिकामं, रोझरी तेवढीच लांब. मला तरुणपणी याचा कंटाळा यायचा, हे यांत्रिक वाटायचं. पुढे लक्षात आलं की मनःस्थितीवर अवलंबून नसलेली दिवसातली ती एकमेव गोष्ट होती. बाजारभाव, वारा, नवऱ्याचा राग, कशाचाही तिच्यावर अंमल नव्हता.

बायबलमध्ये वादळाच्या गोष्टी पुष्कळ आहेत. गालीलच्या सरोवरात येशू वरामावर, म्हणजे होडीच्या मागच्या भागात, उशी घेऊन झोपलाय आणि शिष्य घाबरलेत, ही सगळ्यांना ठाऊक असते. मला मात्र तुमच्यासारख्याला प्रेषितांची कृत्ये, अध्याय 27 वाचायला द्यावंसं वाटतं. तो अध्याय कोणी दर्यावर्दीच लिहू शकेल. येशूचा प्रेषित पौल कैदी आहे, त्याला रोमला नेतायत, गलबतावर 276 माणसं. चौदा दिवस वादळात, त्यात कित्येक दिवस ना सूर्य दिसला ना तारे. मध्यरात्री खलाशांना वाटतं की जमीन जवळ आली, म्हणून ते बुडीद, म्हणजे खोली मोजायचा वजन बांधलेला दोर, सोडतात: वीस वाव (एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्याएवढं माप). थोडं पुढे जाऊन पुन्हा: पंधरा वाव. खडकावर आदळायच्या भीतीने वरामावरून चार नांगर टाकतात आणि दिवस उजाडायची वाट पाहतात. आमच्या घरी हा भाग वाचला की पुरुषमंडळी एरवी कधी नसतात इतकी लक्ष देऊन ऐकतात, वावांचा हिशेब तर तोंडपाठ.

उजाडायच्या सुमाराला पौल काय करतो? सगळ्यांना म्हणतो, चौदा दिवस तुम्ही उपाशी आहात, आता काहीतरी खा. मग सगळ्यांसमोर भाकर घेतो, देवाचे आभार मानतो, मोडतो आणि स्वतः खायला लागतो. कैद्याने अन्न हातात घेतलं तेव्हा कुठे बाकीच्यांना धीर आला. आणि पुढे गलबत वाचतं का? नाही. नांगर कापून द्यावे लागतात, गलबत वाळूच्या दांड्यात रुततं, मागची बाजू लाटांनी फुटते. पोहता येणारे पोहत, बाकीचे फळ्यांवर, असे सगळे किनाऱ्याला लागतात. ते बेट माल्टा. माणूस एकही गेला नाही, गलबत मात्र गेलं. मला ख्रिस्ती स्थैर्य कळलं ते इथून. माझी बोट फुटली त्या रात्री हा अध्याय नसता, तर देवाने फसवलं असं मला वाटलं असतं.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात (6:19) आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. नांगर तुम्ही लहानपणी पाहिलाय, पण कदाचित टाकला नसेल, म्हणून सांगते. पाण्याच्या खोलीइतकाच दोर सोडला तर लाटेबरोबर बोट वर उचलते आणि नांगर उपटून येतो. खोलीच्या पाच-सहा पट दोर सोडावा लागतो. मग ओढ आडवी बसते, नांगराचा दात चिखलात रुततो. बोट हलते, वाऱ्याप्रमाणे तोंड फिरवते, पण जागा सोडत नाही. आखूड दोराची श्रद्धा मी खूप पाहिली आहे. 'या महिन्यात कंत्राट वाढलं तर मानीन', 'नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) संपेपर्यंत स्थळ आलं पाहिजे.' पहिल्या मोठ्या लाटेला ती उपटून येते, आणि माणूस म्हणतो देवात दम नाही. तुम्हाला दोर लांब सोडावा लागेल, म्हणजे उत्तर कधी येईल ही मुदत देवाला घालायची नाही.

हे बोलायला सोपं आहे, म्हणून कामाचं बोलते.

'आमच्या स्वर्गीय बापा' या प्रार्थनेत आपण भाकर मागतो ती आजची. वर्षाची नाही, कंत्राटाच्या मुदतीची तर नाहीच. तेव्हा सकाळी कामाच्या पाळीला निघण्यापूर्वी ही एकच प्रार्थना सावकाश म्हणा आणि त्या दिवसाची एकच गरज नाव घेऊन मागा. रात्री दिवसभराची उजळणी करा: कुठे कृतज्ञ वाटलं, कुठे चुकलो, उद्या काय हवं. संत इग्नेशियस लोयोला याने ही उजळणी आपल्या जेझुइटांना, म्हणजे त्याने काढलेल्या संघातल्या धर्मबंधूंना, अगदी आवर्जून लावून दिली. तो मुळात सैनिकी बाण्याचा माणूस. 1521 मध्ये पांपलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या तो बदलला. त्याचा एक नियम मात्र मला सगळ्यात उपयोगी वाटतो आणि तो तुमच्या दुसऱ्या प्रश्नालाही लागू पडतो: मन उदास, कोरडं, अंधारलेलं असेल तेव्हा आधी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलायचा नाही. त्या काळात प्रार्थना वाढवावी, पण घर, नोकरी, नातं यांची उलथापालथ करू नये. तुम्ही लोट्याला गेलात तेव्हा विचार करून गेला होतात. आता लग्न मोडल्याच्या दुःखात परत यायचं ठरवू नका. मन जरा वर आलं की मग ठरवा, आणि तेव्हाही परत यावंसं वाटलं तर खुशाल या. गावात राहिलं म्हणजेच पाय जमिनीवर असतात असंही नाही. आपल्या वसईचाच गोन्सालो गार्सिया पाहा. जपानकडे व्यापारात चांगला जम बसला होता, तो सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन संघातला धर्मबंधू झाला, आणि 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर गेला. स्थिर नोकरी म्हणावी असं त्यात काहीच नाही. पण कुठे उभं राहायचं हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

एकट्याने मात्र हे फार दिवस जमत नाही. कोळीवाड्यात कोणाकडे मयत झालं की न बोलावता माणसं रोझरीला येतात, कोणी चहाचं पाहतं, कोणी खुर्च्या लावतं. श्रद्धा अर्धीअधिक अशीच तग धरते, कारण तुमची प्रार्थना सुकली तरी शेजारीण तिची म्हणत असते. तुम्ही तिकडे एकटे राहता, म्हणून तुम्हाला जास्त हलल्यासारखं वाटतंय असा माझा अंदाज. पैशाची खरोखर अडचण असेल तर धर्मग्रामातल्या, म्हणजे तुमच्या चर्चच्या हद्दीतल्या, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या माणसांशी बोला. गाजावाजा न करता मदत करायची त्यांची पद्धत आहे, लाजू नका.

आणि एक सावधगिरी. अस्थिर माणसाचा वास लागल्यासारखे काही प्रचारक मोबाईलवर आणि सभांमधून गाठतात. 'इतकं दान पेरा, नोकरी कायम होईल.' असा सौदा शुभवर्तमानात कुठेही नाही. उलट योहान 16:33 मध्ये प्रभूने उघड सांगून ठेवलंय की जगात तुम्हाला क्लेश होतील, धीर धरा. पैसे मागून स्थैर्य विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

तुम्ही झोप लागत नाही, जेवण जात नाही असंही ओझरतं लिहिलंय. ते आठवडेच्या आठवडे चालू असेल तर डॉक्टरला दाखवा. त्यात श्रद्धेची कमतरता नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता अशी परंपरा आहे, आपल्याला वैद्यांचं वावडं नाही. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस सेवा 14416 वर फुकट आहे, मराठीतून बोलता येतं.

कंत्राट संपायची वाट न पाहता दुसरीकडे अर्ज टाकायला आत्तापासून लागा. पौलानेही प्रार्थनेवर भागवलं नाही. खलाशी गुपचूप छोटी होडी पाण्यात सोडून पळायला लागले तेव्हा त्याने शताधिपतीला, म्हणजे कैद्यांवरच्या रोमी अधिकाऱ्याला, सांगून त्यांना रोखलं, कारण गलबत हाकायला तीच माणसं लागणार होती.

राहता राहिला चर्चचा प्रश्न. रत्नागिरी जिल्हा सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येतो, त्याचं मुख्यालय सावंतवाडीला. तिथे फोन करून लोट्याला सगळ्यात जवळची मिस्सा कुठे आणि किती वाजता होते ते विचारून घ्या. कामाच्या पाळीमुळे रविवार हुकत असेल तर शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारचीच धरतात, फक्त ती तिथे होते का एवढं आधी विचारा.