छोटी गाडी घेताना समोरची गाडीही बघा

गेल्या खेपेला या सदरात "गाडी किती सुरक्षित हे पत्र्याच्या जाडीवर ठरत नाही" असं लिहिलं होतं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं परदेशातल्या मराठी घरांतून आली, नाहीतर ज्यांची मुलं तिकडे आहेत अशा इथल्या घरांतून. म्हणून यावेळी अमेरिका आणि युरोपातल्या छोट्या गाड्यांविषयीच बोलू.

मुलगा कॉलेजला चाललाय. त्याच्यासाठी २०१८ ची होंडा फिट बघून ठेवली आहे. पेट्रोल कमी खाते, पार्किंगला सोपी. पण घरून विरोध आहे: "एवढ्याशा डबीत पोराला पाठवू नका, एसयूव्ही घ्या." कोणाचं ऐकू? (एडिसन, न्यू जर्सी)

घरच्यांचं ऐका, पण अर्धंच.

एक साधा हिशेब करून बघा. हजार किलोची गाडी आणि दोन हजार किलोची गाडी, दोन्ही ताशी ५० किलोमीटरने समोरासमोर आदळल्या. धडकेनंतर दोन्ही मिळून जड गाडीच्या दिशेने साधारण ताशी १७ च्या वेगाने सरकतात. म्हणजे जड गाडीचा वेग ५० वरून १७ वर आला, ३३ चा फरक पडला. हलकी गाडी मात्र ५० ने पुढे जात होती ती १७ ने मागे ढकलली गेली, म्हणजे ६७ चा फरक. आतल्या माणसाला बसणारा हिसका या फरकावर ठरतो. एअरबॅग कितीही असल्या तरी हे गणित बदलत नाही, त्या फक्त हिसका जरा लांबवून सोसण्याजोगा करतात.

अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या आयआयएचएस या संस्थेने २००९ मध्ये हे करूनच दाखवलं. स्मार्ट फोरटू मर्सिडीज सी क्लासवर, होंडा फिट अकॉर्डवर आणि टोयोटा यारिस कॅमरीवर आदळवली, प्रत्येकी ताशी ६४ किलोमीटरने. जोड्या मुद्दाम एकाच घरातल्या घेतल्या होत्या, म्हणजे कंपनीला दोष द्यायला जागाच नको. तिन्ही छोट्या गाड्यांना 'पुअर' शेरा मिळाला. स्मार्ट तर हवेत उचलली गेली आणि सव्वा गिरकी घेऊन खाली आली. याच तिघींना ठोकळ्यावर आदळण्याच्या नेहमीच्या चाचणीत 'गुड' शेरा होता! कारण ठोकळ्यावर आदळणं म्हणजे स्वतःच्याच वजनाच्या गाडीवर आदळल्यासारखं. रस्त्यावर समोरून आपली जुळी बहीण क्वचितच येते.

त्यात नवशिका ड्रायव्हर. आयआयएचएस तरुण मुलांसाठी गाड्यांची जी यादी काढते, तीत सगळ्यात छोट्या गाड्या नसतात, आणि दांडगी ताकद असलेल्याही नसतात. अवजड एसयूव्ही ब्रेक मारल्यावर लांब जाऊन थांबते, वळणावर कलंडायलाही सोपी. शिवाय सहा मित्र कोंबायची सोय होते, हे आईबाप विसरतात.

तेव्हा एक माप वर चढा. २०१७ किंवा त्यानंतरच्या मॉडेलची कोरोला नाहीतर २०१९ नंतरची सिव्हिक बघा. या दोन्हींत स्वतःहून ब्रेक लावणारी यंत्रणा सरसकट दिलेली आहे. फिटपेक्षा वर्षाला १२,००० मैलांमागे चाळीसेक गॅलन पेट्रोल जास्त लागेल. तेवढं द्या.

छोट्या गाड्या एवढ्या धोक्याच्या, तर जिथे सगळे छोट्याच गाड्या चालवतात त्या युरोपात रस्त्यावर माणसं जास्त मरायला हवीत. माझी मुलगी नेदरलँड्समध्ये आहे, तिथे तर उलटंच दिसतं. (नाशिक)

पत्रांतला सगळ्यात नेमका प्रश्न हा. २०२२ मध्ये युरोपीय संघात दर दहा लाख लोकांमागे रस्त्यावर सुमारे ४६ माणसं गेली, अमेरिकेत १२५ हून अधिक. अमेरिकन माणूस गाडी फार चालवतो हे खरं. दर किलोमीटरमागे हिशेब केला तर अंतर कमी होतं, पण मिटत नाही.

कारण वर जे गणित मांडलं त्यात 'छोटी' हा शब्द तुलनेचा आहे. सगळ्याच गाड्या बाराशे-पंधराशे किलोच्या असतील तर कोणीच कोणाला चिरडत नाही. अमेरिकेत नवी गाडी सरासरी १,९५० किलोच्या आसपास भरते. तिथे हजार किलोची गाडी घेऊन निघणारा दर धडकेत हलका भिडू ठरतो. आयआयएचएसने २०२० च्या मॉडेलांचे आकडे काढले तेव्हा मित्सुबिशी मिराज जी४ या छोट्या सेडानच्या चालकांचा मृत्युदर सगळ्या गाड्यांच्या सरासरीच्या पाचपटीहून जास्त निघाला. आणि 'दुसऱ्या गाडीतल्या चालकाला कोण मारतं' या यादीत वर कोण होतं? भलेमोठे पिकअप ट्रक. नाण्याची दुसरी बाजू ती हीच.

पायी चालणाऱ्याचं तर विचारूच नका. बॉनेटची उंची मीटरभराच्या वर गेली की पादचाऱ्याच्या जिवावर बेतण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी वाढते, असं आयआयएचएसनेच २०२३ मध्ये दाखवलं. बुटकी गाडी पायाला लागते आणि माणूस बॉनेटवर पडतो. उंच गाडी थेट छातीवर येते. अमेरिकेत २००९ मध्ये सुमारे ४,१०० पादचारी गेले होते, २०२२ मध्ये साडेसात हजारांवर.

सगळं श्रेय गाडीच्या मापाला देऊ नका मात्र. गाडी चालवताना रक्तातल्या दारूची मर्यादा बहुतेक युरोपात लिटरला ०.५ ग्रॅम, अमेरिकेत बहुतेक राज्यांत ०.८. न्यू हॅम्पशायरमध्ये मोठ्या माणसाला सीटबेल्टची सक्ती आजही नाही. तुमच्या मुलीच्या गावात चौकाचौकात गोल फेरा (राउंडअबाउट) असेल, तिथे समोरासमोर धडक व्हायला वावच नसतो.

जर्मनीत मास्टर्स करतोय. जुनी फियाट पुंतो स्वस्तात मिळते आहे. विकणारा म्हणतो, युरो एनकॅपचे पाच तारे आहेत. घेऊ का? (आखन)

विकणारा खोटं बोलत नाही, तारखा सांगत नाही एवढंच. युरो एनकॅप ही युरोपात गाड्या आदळवून बघणारी आणि त्यांना सुरक्षेचे तारे देणारी संस्था. ग्रांदे पुंतोला २००५ मध्ये पाच तारे मिळाले होते. तीच गाडी वरवरचे बदल करून विकली जात राहिली आणि २०१७ मध्ये पुन्हा तपासली तेव्हा शून्य तारे! गाडी बिघडली नव्हती, परीक्षा कठीण झाली होती. आता स्वतःहून ब्रेक लागतो का, पादचारी वाचतो का, मागच्या सीटवरच्या मुलाचं काय होतं, या सगळ्याला गुण असतात. त्यामुळे तारे विचारताना वर्ष विचारायचंच.

युरो एनकॅपचे पहिले निकाल १९९७ च्या फेब्रुवारीत आले. त्यात रोव्हर १०० ला एकच तारा मिळाला. धडकेत चालकाची जागाच चेपून गेली होती. ते फोटो छापून आले आणि वर्ष संपायच्या आत त्या गाडीचं उत्पादन थांबलं. कायद्याने कोणी बंदी घातली नव्हती, लोकांनी घेणं सोडलं.

२०२० पासून तर परीक्षा आणखी शहाणी झाली आहे. स्थिर ठोकळ्याऐवजी चाकांवर बसवलेली १,४०० किलोची भिंत समोरून ५० च्या वेगाने येते, आणि तुमच्या गाडीने त्या भिंतीचं किती नुकसान केलं तेही मोजतात. जड गाडी समोरच्याला भोसकत असेल तर तिचे गुण कापले जातात. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत या क्षेत्रात झालेली ही सगळ्यात न्याय्य सुधारणा. या नव्या नियमांखाली पहिली तपासली गेलेली गाडी होती टोयोटा यारिस, चांगली छोटी गाडी, आणि तिला पाच तारे मिळाले. म्हणजे सुरक्षित छोटी गाडी बनवता येते.

आणि नाव तेच म्हणून गाडी तीच, असंही धरू नका. आपल्या चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या तशाच दुसऱ्या संस्थेने विना-एअरबॅग तपासली तेव्हा शून्य तारे, दोन एअरबॅगांसह चार. सांगाडा तोच!

पुंतो सोडा. त्याच पैशात थोडी जास्त चाललेली पण २०१५ नंतर तपासलेल्या मॉडेलची गाडी शोधा.

लेस्टरचे मामा म्हणतात त्यांची छोटी गाडी गॅलनला ५० मैल देते. तशीच गाडी मी टेक्सासमध्ये चालवतो, मला ४० च्या वर मिळत नाही. माझी गाडी बिघडली आहे का? (डॅलस)

नाही. मामांचा गॅलन मोठा आहे. ब्रिटिश गॅलन ४.५५ लिटरचा, अमेरिकन ३.७९ चा. त्यांचे ५० म्हणजे तुमचे जेमतेम ४२. आपल्या भाषेत सांगायचं तर दोघांनाही लिटरला १७ च्या आसपास अॅव्हरेज पडतोय.

कंपनीच्या कागदावरचे आकडे तर आणखी वेगळे. अमेरिकेत गाडीच्या काचेवर चिकटवलेला ईपीएचा (सरकारी पर्यावरण खात्याचा) मायलेजचा आकडा २००८ पासून बराच प्रामाणिक आहे. युरोपात २०१७ मध्ये मायलेजची जुनी चाचणी काढून डब्ल्यूएलटीपी ही नवी चाचणी आणली, तरी गाड्यांतल्याच मीटरांनी नोंदवलेलं खरं इंधन कागदापेक्षा सुमारे २० टक्के जास्त निघालं, असं युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये सांगितलं. प्लगइन हायब्रिडमध्ये तर साडेतीनपट, कारण लोक त्या चार्जच करत नाहीत. इथे भारतात एआरएआय या तपासणी संस्थेने दिलेला मायलेजचा आकडा बघून गाडी घेणाऱ्यांना यात नवीन काही वाटणार नाही.

घरात दोन गाड्या आहेत: १८ मैल देणारी मिनीव्हॅन आणि ३५ देणारी यारिस. दोन्ही सारख्याच चालतात. हायब्रिड घ्यायची ठरलं आहे. छोटी गाडी देऊन ५७ वाली प्रियस घेतली तर सगळ्यात जास्त बचत होईल ना? (सिएटल)

होणार नाही. दर दहा हजार मैलांना यारिस २८६ गॅलन खाते, प्रियस १७५. वाचले १११. व्हॅनला लागतात ५५६, आणि तिच्या जागी ३६ देणारी सिएना हायब्रिड आणली तर २७८. वाचले २७८, म्हणजे अडीचपट. 'गॅलनला किती मैल' आणि 'लिटरला किती किलोमीटर' ही दोन्ही मापं इथे माणसाला चकवतात. युरोपात '१०० किलोमीटरला किती लिटर' असं मोजतात, त्यात ही गफलत होत नाही. आधी खादाड गाडी काढा.

एवढा पुढारलेला देश, मग अमेरिकेत छोट्या गाड्या दुकानातूनच का गायब होतायत? (नागपूर)

लोकांची हौस आहेच, पण नियमांनीही हातभार लावला आहे. अरब देशांच्या १९७३ च्या तेलबंदीनंतर १९७५ मध्ये कायदा झाला: प्रत्येक कंपनीने विकलेल्या गाड्यांची सरासरी १९८५ पर्यंत गॅलनला २७.५ मैलांवर न्यायची. पण 'हलके ट्रक' वेगळे काढून त्यांना सवलत दिली. शेतकऱ्याच्या आणि सुताराच्या पिकअपसाठी ठेवलेल्या या दारातून पुढे एसयूव्ही आत शिरली. क्रायस्लरची पीटी क्रूझर ही घरगुती हॅचबॅकसुद्धा मागची सीट काढून सपाट जागा होते म्हणून ट्रक ठरली. सुबारूने आउटबॅक जराशी उंच केली, तीही ट्रक झाली.

दुसरीकडे, कंपन्यांनी सरासरी गाठायला मोटारी हलक्या केल्या, त्याची किंमतही कोणीतरी मोजली. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने २००२ मध्ये अंदाज मांडला की आकार आणि वजन घटल्यामुळे एकट्या १९९३ मध्ये १,३०० ते २,६०० जास्तीचे मृत्यू झाले असावेत. हा अहवाल गाजला. छोट्या गाडीचे विरोधक तो आजही फडकवतात, पण त्याच वेळी रस्त्यावर जड ट्रक वाढू दिले गेले हे सोयीस्करपणे गाळतात.

पुढे उपाय म्हणून मायलेजचं उद्दिष्ट गाडीच्या चार चाकांमधल्या क्षेत्रफळावर बांधलं. गाडी जेवढी पसरट, तेवढं उद्दिष्ट सोपं. मग छोटी गाडी बनवायची कोणी? एअरबॅग, सेन्सर, चाचण्या यांचा खर्च छोट्या गाडीलाही तेवढाच, नफा मात्र चिमूटभर. त्यात पेट्रोलवरचा केंद्रीय कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवर अडकलाय, म्हणजे लिटरला पाच सेंटही नाही. युरोपीय संघात कमीत कमी कर लिटरला ३५.९ युरो-सेंट आहे.

अमेरिकेतून एकेक करून छोट्या गाड्या गेल्या: फोर्ड फिएस्टा २०१९ मध्ये, फिट आणि यारिस २०२० मध्ये, शेवरोले स्पार्क २०२२ मध्ये. आणि युरोपवाल्यांनी फार मिशीवर ताव देऊ नये, त्यांचीही कार्बनची मर्यादा वजनावर बांधलेली होती, जड गाडीला जास्त सूट. जर्मनीतल्या कोलोनच्या कारखान्यातूनही शेवटची फिएस्टा २०२३ च्या जुलैत बाहेर पडली.

कंपनी म्युनिकहून डेट्रॉइटला पाठवते आहे. माझी डिझेल पोलो उत्तम चालते, लिटरला २२ देते. जहाजाने नेऊ का? (म्युनिक)

नेऊ नका, तिथे नोंदणी होणार नाही. २५ वर्षांहून नवी गाडी अमेरिकेच्या सुरक्षा मानकांना धरून बनलेली असावी लागते, आणि तसं दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर छापलेलं असावं लागतं. तुमच्या पोलोवर ते नसणार. युरोपात सरकारी मान्यता मिळवून गाडी बाजारात येते, अमेरिकेत कंपनी स्वतःच प्रमाणपत्र देते आणि चुकली तर भरते. चाचण्याही वेगळ्या. अमेरिकेत पट्टा न लावलेल्या माणसालाही एअरबॅगने वाचवावं अशी अट आहे, त्यामुळे एअरबॅगची बांधणीच निराळी. बाजूला पिवळे दिवे हवेत, डिझेलच्या धुराचे नियम वेगळे. हे सगळं बदलायचा खर्च पोलोच्या किमतीहून जास्त होईल.

म्युनिकमध्येच विकून टाका. मिशिगनमध्ये गेल्यावर लगेच नवी घेऊ नका, थंडीचे पहिले दोन महिने भाड्याची गाडी चालवून बघा. उणे सातला पेट्रोल गाडीचं शहरातलं मायलेज सुमारे १५ टक्क्यांनी पडतं, हायब्रिडचं तीस टक्क्यांहून जास्त. ऑफिस चार मैलांवर असेल तर इंजिन गरम व्हायच्या आत तुम्ही पोचलेले असाल. तेव्हा आधी घर ठरू द्या, मग गाडी.