अडीच इंचांची टॅक्सी, खराखुरा रस्ता

वाचकांचे प्रश्न

संग्रहातल्या छोट्या गाड्या आणि प्रतिकृती यांची छायाचित्रे काढून ती खऱ्या दृश्यांत बसवण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत. बहुतेक पत्रांत एडिटिंगची तक्रार आहे. सोबतची छायाचित्रे पाहिली तर मात्र मूळ अडचण त्याआधीच, कॅमेरा कुठे ठेवला येथे, सुरू झालेली दिसते. म्हणून पहिल्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : माझे वडील अनेक वर्षे मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवत होते. त्यांच्यासाठी मी १:६४ मापाची एक छोटी गाडी काळी-पिवळी रंगवली आणि तिचा फोटो फोर्टमधल्या रस्त्याच्या फोटोवर बसवला. कडा काळजीपूर्वक कापल्या, सावलीही दिली, तरी गाडी रस्त्यावर चिकटवल्यासारखी दिसते. एडिटिंगमध्ये माझे काय चुकते आहे? (डोंबिवली)

उत्तर : आपले एडिटिंग चांगले आहे. कॅमेरा मात्र फार उंचावर राहिला आहे. आपण पाठवलेल्या चित्रात टॅक्सीचे सगळे छप्पर वरून दिसते, आणि मागच्या रस्त्यावरची माणसे मात्र समोरासमोर, डोळ्यांच्या पातळीवरून दिसतात. एकाच चित्रात दोन वेगवेगळ्या उंचींवरून पाहिलेल्या वस्तू आल्या की पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खटकते हे नक्की.

सपाट रस्त्यावर काढलेल्या कोणत्याही छायाचित्रात क्षितिजाची रेषा बरोबर कॅमेऱ्याच्या उंचीवर असते. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १.६ मीटरवर असतात, असे धरू. त्याला ६४ ने भागले की २५ मिलिमीटर येतात, म्हणजे आपल्या टॅक्सीसमोर भिंगाचा मध्य टेबलापासून केवळ अडीच सेंटिमीटर वर असायला हवा. पद्मिनीची खरी उंची दीड मीटरच्या आत-बाहेर आहे, म्हणून प्रतिकृतीची उंची सुमारे २३ मिलिमीटर होते. यातून पडताळणीची एक सोपी खूण मिळते : क्षितिजाची रेषा टॅक्सीच्या छपराला जवळजवळ घासून, किंचित वरून गेली पाहिजे. रेषा छपराच्या बरीच वर राहिली तर गाडी खेळणे वाटते आणि काचेच्या मध्यावरून गेली तर फोटो रस्त्यावर बसून काढल्यासारखा होतो. दुसरा प्रकार कधीकधी मुद्दाम करावा, पण मग मागचा रस्ताही खाली बसूनच टिपलेला हवा.

अंतरालाही हाच भागाकार लागू होतो. आठ मीटरवरून पाहिलेली टॅक्सी हवी असेल तर कॅमेरा साडेबारा सेंटिमीटरवर ठेवावा लागेल. एवढ्या जवळ गेल्यावर अनेक फोन आपोआप मॅक्रोवर, म्हणजे अगदी जवळच्या वस्तू टिपण्याच्या पद्धतीवर, जातात. तसे करताना त्यांतले बरेचसे रुंद कोनाचे भिंग निवडतात, त्याने दृश्याची चौकट बदलते आणि कडेला आलेली वस्तू ताणली जाते. त्यापेक्षा फोन पंचवीस सेंटिमीटरवर न्यावा आणि नंतर चित्र कापून घ्यावे. मात्र पंचवीस सेंटिमीटर म्हणजे खऱ्या मापात सोळा मीटर, हे लक्षात ठेवून फोर्टमधला फोटो काढताना टॅक्सी जिथे उभी करायची त्या जागेपासून तितकेच लांब, फोन डोळ्यांसमोर सरळ धरून उभे राहावे आणि दोन्ही वेळा तेच भिंग वापरावे. फोन टेबलावर उलटा उभा केला की भिंग खाली येते. बहुतेक फोनांत ते आपसूकच अडीच सेंटिमीटरच्या जवळ बसते आणि कमी पडल्यास खाली दोन-चार पोस्टकार्डे सरकवता येतात.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगावीशी वाटते. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली, पण ती पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांत तिचे बाहेर, डाव्या अंगाला बसवलेले मीटर अजून ताजे आहे. आपल्या प्रतिकृतीवर ते दिसत नाही. पुठ्ठ्याचा तीन मिलिमीटरचा तुकडा काळा रंगवून तेथे चिकटवावा आणि छपरावर तारेचे कॅरिअर बसवावे. आयुष्यभर मीटर डाऊन केलेल्या माणसाचे लक्ष आधी तिकडे जाईल.

प्रश्न : माझ्याकडे चांगला डीएसएलआर आणि ५० मिलिमीटरचे भिंग आहे, शिवाय दोन टेबल लॅम्प आहेत. मित्राच्या साध्या फोनवरचे फोटो माझ्यापेक्षा खरे वाटतात, याचे कारण काय असावे? (नाशिक)

उत्तर : कारणे दोन आहेत. खरी मोटार आठ मीटरवरून, याच भिंगाने आणि एफ ८ वर (एफचा आकडा जितका मोठा तितके भिंगाचे छिद्र बारीक) टिपली तर साडेचार मीटरपासून तीस मीटरांच्या पलीकडेपर्यंत सारे स्पष्ट येते. तेच भिंग प्रतिकृतीपासून तीस सेंटिमीटरवर आणले की एफ १६ वरसुद्धा जेमतेम तीन सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट राहतो. सहा सेंटिमीटर लांबीच्या गाडीचे पुढचे दिवे रेखीव आणि मागची डिकी धूसर दिसली की वस्तू लहान आहे हे डोळा लगेच ओळखतो. खऱ्या शहराच्या फोटोत वर-खाली धूसर पट्टे टाकले की ते शहर खेळण्यासारखे दिसू लागते, तोच हा परिणाम आहे. फोनचा सेन्सर अगदी लहान असल्यामुळे आपल्या मित्राचा पट्टा आपोआप रुंद होतो. आपण कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवून पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत फोकस थोडा थोडा सरकवत आठ-दहा चित्रे घ्यावीत आणि ती संगणकावर एकत्र करावीत. छिद्र एफ २२ पर्यंत बारीक करून हे साधत नाही, कारण विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र मऊ पडते.

दुसरे कारण लॅम्प हे आहे. सूर्य आकाशात केवळ अर्ध्या अंशाएवढा दिसतो आणि तो इतका दूर आहे की त्याचे किरण समांतर येतात. त्यामुळे उन्हातली सावली वस्तूच्या प्रमाणात आपोआप लहान होते आणि छोट्या गाडीची सावली मोठ्या गाडीच्या सावलीची हुबेहूब नक्कल असते. अर्ध्या मीटरवर ठेवलेला पाच सेंटिमीटरचा दिवा मात्र जवळजवळ सहा अंश व्यापतो. त्याच्या सावलीच्या कडा विरतात, सावली फाकत जाते आणि दिवे दोन असले तर सावल्याही दोन पडतात. म्हणून शक्य तेव्हा गॅलरीतल्या उन्हात काम करावे. रस्त्याचा फोटो घ्याल तेथे एखादी काठी उभी धरून तिची सावली तिच्या उंचीच्या किती पट आहे ते पाहून ठेवावे. घरी गाडीशेजारी आगपेटीची काडी उभी करावी आणि तिची सावली त्याच पटीत, त्याच बाजूला पडेल अशा वेळी फोटो घ्यावा. ही काडी मी आजही वापरतो. सावलीची दिशा नंतर एडिटिंगने फिरवण्यात जो वेळ जातो, तो तिने पुष्कळ वाचवला आहे.

प्रश्न : या कामासाठी महागडे सॉफ्टवेअर घ्यावेच लागते का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : मुळीच नाही. ज्यात लेयर (एकावर एक ठेवता येणारे चित्राचे थर) आणि मास्क (थराचा नको तो भाग झाकण्याची सोय) आहेत असे कोणतेही चालेल. गिंप विनामूल्य आहे आणि त्यात हे सारे होते. साधनापेक्षा कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. गाडीचा फोटो पांढऱ्या कागदावर, तिच्या खऱ्या सावलीसह घ्यावा. तो लेयर ‘मल्टिप्लाय’ केला की कागदाचा पांढरा रंग नाहीसा होतो आणि सावली रस्त्यावर उतरते. मग गाडी तेवढी वरच्या वेगळ्या लेयरमध्ये, मास्क करून ठेवावी. टायर जिथे रस्त्याला टेकतो तिथली अरुंद, जवळजवळ काळी रेघ कधीही पुसू नये, कारण गाडीचे वजन तिच्यामुळेच जाणवते. त्यानंतर गाडीतला सर्वांत गडद काळा रंग आणि मागच्या रस्त्यावर तेवढ्याच अंतरावर असलेल्या एखाद्या वाहनाखालचा काळा रंग यांची तुलना करावी. मुंबईच्या दमट हवेत दूरचा काळा कधीच पुरता काळा नसतो. नॉइज, म्हणजे चित्रातला बारीक रवाळपणा, सर्वांत शेवटी, संपूर्ण चित्रावर एकदाच द्यावा.

प्रश्न : माझी १:१८ मापाची जीप फारच नवी दिसते. धूळ आणि चिखल लावायचा आहे, पण प्रतिकृतीचे मूल्य कमी होऊ द्यायचे नाही. मॅट वार्निश मारावे का? (पुणे)

उत्तर : वार्निश मारू नका, ते परत निघत नाही. मुलतानी माती मलमलीतून दोनदा गाळून घ्या आणि मऊ कोरड्या ब्रशने चाकांच्या कमानींत व दारांच्या खालच्या भागावर हलकेच थापा. फोटो झाले की फुंकणीने उडवा आणि उरलेली ओलसर कापडाने, न घासता टिपून घ्या. रांगोळी किंवा बारीक वाळू वापरू नये. तिने रंगावर चरे पडतात आणि तिचा कण मापाला फार मोठा होतो : अर्ध्या मिलिमीटरचा कण १:१८ वर नऊ मिलिमीटरची खडी होतो, आणि १:६४ वर तर आवळ्याएवढा दगड. याच कारणाने, धूळ लावण्यापूर्वी गाडीवरची घरातली धूळ आणि बोटांचे ठसे पूर्ण काढलेले असावेत. चकाकी कमी करायची असेल तर भिंगावर पोलरायझर (परावर्तित चकाकी अडवणारी काच) फिरवून पाहा, मात्र धातूच्या क्रोमवर त्याचा उपयोग होत नाही.

प्रश्न : पाऊस दाखवण्यासाठी गाडीवर पाण्याचा फवारा मारला, तर थेंब मोठमोठे दिसतात. (कोल्हापूर)

उत्तर : पाणी लहान होत नाही, हीच यातली अडचण आहे. तीन मिलिमीटरचा थेंब १:६४ च्या टपावर एकोणीस सेंटिमीटरचा, म्हणजे छोट्या कलिंगडाएवढा होतो. गाडी कोरडीच ठेवा आणि रस्ता ओला करा. काळ्या पॉलिश पेपरवर पाण्याचा अगदी पातळ थर दिला की डांबर भिजल्यासारखे दिसते आणि त्यात दिव्यांचे प्रतिबिंबही मिळते. पडणाऱ्या सरी एडिटिंगमध्ये द्याव्यात. व्हिडिओ करायचा असेल तर एक हिशेब सांगतो : उसळण्या-पडण्याचा वेळ मापाच्या वर्गमुळाने बदलतो. ६४ चे वर्गमूळ ८, म्हणून सेकंदाला २४० चित्रांनी टिपून ३० ने दाखवले की खड्ड्यातून जाणाऱ्या छोट्या गाडीला मोठ्या गाडीचा जडपणा येतो.

प्रश्न : सनबोर्डची एसटी मी स्वतः बनवली आणि पुराच्या पाण्याने वेढलेल्या पुलावर ती उभी असल्याचे चित्र तयार करून नातेवाइकांच्या गटात टाकले. दोन दिवसांत ते बातमी म्हणून माझ्याकडेच परत आले. मी काय करावे? (सांगली)

उत्तर : ज्या ज्या गटांतून ते आपल्याकडे आले, तेथे आजच लिहा की ही प्रतिकृती आहे, आणि सोबत एसटी आपल्या टेबलावर, शेजारी हात ठेवून काढलेला फोटो द्या. नुसत्या खुलाशापेक्षा हाताचा फोटो लवकर पटतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल कोसळून दोन एसटी गाड्या वाहून गेल्या होत्या. पुलावरची लालपरी आणि खालचे गढूळ पाणी पाहून आपल्याकडे कोणाच्या काळजात धस्स होईल, हे सांगायला नको. आपला हेतू वाईट नव्हता, यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि गाडीच्या खिडक्यांच्या गजांपर्यंत केलेले काम पाहून मला मनापासून आनंद झाला. तरीही पूर, अपघात, आग अशी दृश्ये करताना ‘प्रतिकृती’ हा शब्द चित्राच्या आत, कापून टाकता येणार नाही अशा जागी, उदाहरणार्थ गाडीच्या गंतव्य पाटीवरच लिहावा. चित्राखालचा मजकूर पहिल्या फॉरवर्डमध्येच गळून पडतो. पुढच्या वेळी हीच एसटी एखाद्या गावच्या फाट्यावर, वडाच्या सावलीत थांबलेली दाखवावी, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : एडिटिंग अजिबात न करता असे चित्र काढता येईल का? आमच्या गच्चीवरून अजिंक्यतारा समोर दिसतो. (सातारा)

उत्तर : येईल, आणि आपल्याला तर जागाच अशी मिळाली आहे की हेवा वाटावा. अमेरिकेतले मायकेल पॉल स्मिथ १:२४ मापाच्या गाड्या टेबलावर मांडत आणि मागची खरी झाडे व घरे त्यांच्या रेषेत जुळवून साध्या छोट्या कॅमेऱ्याने टिपत. एल्गिन पार्क हे त्यांचे कल्पित गाव अशाच चित्रांतून उभे राहिले. गच्चीच्या कठड्याला लागून मीटरभर लांबीची फळी अगदी समपातळीत मांडा. तिच्यावर चाळलेली माती पसरा आणि दूरची कड सुक्या गवताच्या बारीक काड्यांनी व दोन-चार खड्यांनी झाका. १:१८ ची गाडी असेल तर भिंग फळीपासून नऊ सेंटिमीटर वर आणि गाडीपासून अर्ध्या मीटरवर ठेवा. प्रकाश दोघांवर एकच असल्यामुळे सावल्या जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही. गाडी आणि किल्ला एकाच वेळी स्पष्ट येण्यासाठी मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा फोन बरा. उन्हाळ्यातली धुरकट हवा टाळा. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात सकाळी आठच्या सुमारास डोंगराच्या कडा धुऊन काढल्यासारख्या दिसतात, त्या वेळी फळी आदल्या रात्रीच मांडून ठेवलेली असावी.